चार बोटं जागा

विमानात तिला सगळे पंचबाई म्हणायचे. कागदोपत्री नाव दुसरं होतं, पण अठरा वर्षं आकाशात चहा-कॉफी वाटल्यावर कागदावरचं नाव कोण लक्षात ठेवतो. हे नाव एका वैमानिकाने पाडलं. दोन प्रवासी सीट मागे घेण्यावरून असे जुंपले होते की मागच्याने पुढच्याच्या पाठीत गुडघे रोवले आणि पुढच्याने मागच्याच्या कॉफीवर सीट आदळली. एका नव्या मुलीने घाबरून पुढे फोन लावला, तेव्हा वैमानिक म्हणाला, "मागे पंच आहेत ना? मग मला कशाला विचारता, मी विमान चालवतोय."

पंचांचा निवाडा ठरलेला असे. जेवणाच्या वेळी सगळ्यांच्या पाठी सरळ. जेवण उरकलं की सीट ज्याची, बटण त्याचं. मात्र मागे घेण्याआधी वळून बघायचं, आणि हळू घ्यायची, धाडकन नाही. मागच्याला फारच अडचण असेल तर अर्धा प्रवास याचा, अर्धा त्याचा. ती हे इतक्या गोड आवाजात सांगायची की भांडणारे दोघंही आपणच जिंकलो असं समजून गप्प बसायचे. घरी आल्यावर हे किस्से आईला सांगायचे हा तिचा विरंगुळा. आईची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. ती ऐकून म्हणायची, "आमच्याकडे वायरी अडकायच्या, तुमच्याकडे गुडघे अडकतात. सोडवायला आपण आहोतच."

त्या दिवशीचं उड्डाण सकाळचं होतं, आठ तासांचं, आणि विमान खचाखच भरलेलं. जेवण होईपर्यंत तिने तीन भांडणं मिटवली होती. चौथी घंटा चोविसाव्या रांगेतून आली.

घंटा वाजवली होती पंचेचाळिशीच्या एका बाईने. कमरेला रुंद पट्टा, कपाळावर आठ्या. महिन्यापूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, ताठ बसायला मनाई होती, डॉक्टरांची चिठ्ठी तिने पर्समध्ये तयार ठेवली होती. सीट पूर्ण मागे घेतलेली. "मागचे गृहस्थ सारखे गुडघे मारतायत," ती म्हणाली. "एकदा सांगून बघितलं."

मागे खिडकीपाशी एक म्हातारा बसला होता. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा आणि भलताच उंच. जरा हलला की त्याचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला लागत होते. शेजारचं जोडपं ट्रे उघडे ठेवूनच झोपी गेलं होतं, त्यामुळे त्याला ना पुढे वाट, ना बाजूला.

"मारत नाही हो," तो हळू आवाजात म्हणाला. "गुडघ्यांना दुसरीकडे जायला जागाच नाही." मग त्याने गुडघ्याच्या कडेने, सीटच्या पाठीला लावून, हाताचा पंजा उभा धरला आणि तिला दाखवला. "सरळ होती तेव्हा वीतभर जागा होती. आता चार बोटं आहे. चार बोटांत पाय हलत नाही, एवढंच."

तिने दोघांकडे पाहिलं. पट्टेवाली बाई आवाज चढवायच्या बेतात होती. म्हातारा चढवणार नव्हता. ही गोष्ट तिला त्या क्षणी लख्ख कळली होती, आणि पुढे तिला छळलं ते ह्याच कळण्याने.

"काका, त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली. "जरा सांभाळून घ्याल का?"

"नियम आहे तर आहे. घेतो सांभाळून."

"मी थोड्या वेळाने बघते हं तुमच्याकडे. मागे आमची खुर्ची रिकामी असते. तिथे बसवते तुम्हाला, पाय मोकळे होतील."

"या सवडीने," म्हातारा म्हणाला.

सवड काही मिळाली नाही. एका पोराला उलटी झाली, एका बाईंची औषधाची पिशवी वरच्या कप्प्यात कुणाच्या तरी सामानाखाली गेली, मागची किटली बिघडली. दुसऱ्या खाण्याच्या वेळी त्या रांगेकडे तिची सहकारी गेली. मध्ये एकदा पंचबाई त्या बाजूने घाईत गेली तेव्हा दोन सीटांच्या फटीतून तिला म्हाताऱ्याचा हात दिसला, गुडघ्यावर ठेवलेला, हाडांच्या पेरांचा. जाऊ या आता, असं तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात पुढून कुणीतरी पाणी मागितलं. म्हाताऱ्याने आठ तासांत एकदाही घंटा वाजवली नाही.

उतरताना तो सगळ्यात शेवटी आला. एक पाय ओढत होता. दारात थांबून म्हणाला, "थँक यू, बाई. फार धावपळ असते तुमची." तिला एकदम आपला शब्द आठवला. काही बोलणार तोवर तो पुढे गेला होता. विमानाला जोडलेल्या त्या लांब बोळात तो दहा-बारा पावलं चालला, भिंतीला हात लावला आणि भिंतीला धरूनच खाली बसला. ती धावत पोहोचली तेव्हा तो श्वास शोधत होता. तिने त्याच्या शर्टाचं बटण काढलं, ऑक्सिजन मागवला, शिकवलेलं सगळं शिकवलेल्या क्रमाने केलं. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पायात गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली, असं आठवड्याने कळलं. दोन अधिकाऱ्यांनी तिला समोर बसवून प्रश्न विचारले. प्रश्न सौम्य होते. अहवालात एक ओळ आली, कर्मचाऱ्यांनी नियमानुसार काम केले. आणि त्याच महिन्यात पट्टेवाल्या बाईचं पत्र आलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ती व्हीलचेअरवरून आधीच बाहेर पडली होती. तिने लिहिलं होतं की चोविसाव्या रांगेपाशी ज्या ताईंनी माझी बाजू समजून घेतली त्यांच्यामुळे माझा प्रवास सुसह्य झाला. कंपनीने त्या पत्राची चौकट करून कर्मचाऱ्यांच्या खोलीत लावली. चहा घ्यायला जाताना रोज ती नजरेला पडायची.

गुडघे सुरू झाले ते त्यानंतर.

पहिल्यांदा ते तिला विमान उतरत असताना जाणवले. कर्मचाऱ्यांची खुर्ची दारापाशी असते, भिंतीला चिकटलेली. पट्टे आवळून ती बसली होती आणि पाठीत, कमरेच्या जरा वर, दोन बाजूंना दोन टोकं लागली. ढकलत नव्हती. नुसती होती. कुणीतरी अंग चोरून बसलं असावं, शक्य तितकं मागे सरकून, आणि तरीही गुडघे टेकत असावेत, तशी. खुर्चीमागे भिंत होती आणि भिंतीमागे स्वच्छतागृह. तिथे गुडघे असायला जागाच नव्हती. तिने हे स्वतःला दोनदा सांगितलं. चाकं जमिनीला टेकली, सगळे उठले, आणि टोकं गेली.

मग ती टोकं कुठेही येऊ लागली. बसमध्ये, दातांच्या डॉक्टरांकडे, नाट्यगृहातल्या खुर्चीत. दातांच्या डॉक्टरांनी खुर्ची मागे घेतली तशी ती किंचाळली नाही, पण उठून उभी राहिली आणि म्हणाली, उभ्यानेच बघा. डॉक्टर हसले, ती हसली नाही. घरी जेवायच्या टेबलाशी ती खुर्चीच्या कडेवर बसायला लागली.

"खुर्ची काय मागून आणलेली आहे?" आई म्हणाली. "नीट टेकून बस की."

"असंच बरं वाटतं."

"बरं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो." आईने पुढे विचारलं नाही. एक्स्चेंजमध्ये तिला सवयच होती, पलीकडचा बोलेपर्यंत वायर धरून बसायची.

कामावर ती बदलली. अर्ध्या-अर्ध्या तासाने रांगांतून फिरायची, वाकून प्रत्येकाला म्हणायची, जरा उठा, पाय मोकळे करा. झोपलेल्यांनासुद्धा उठवायची. तक्रारी आल्या. मुली तिला पाठीमागे उठाबशाबाई म्हणू लागल्या. सीटचं भांडण आलं की ती आधी गप्प बसलेल्या माणसाकडे बघायची, आणि बडबड्या माणसाला वाटायचं की ही पहिल्यापासूनच आपल्यावर दात धरून आहे. पूर्वीचे चटकन लागणारे निकाल आता लागत नव्हते. कधी ती दोघांच्या मध्ये नुसतीच उभी राहायची. फटीतून हात दिसतो का, ते बघत.

सव्वा वर्षाने पट्टेवाली बाई पुन्हा तिच्या विमानात आली. पट्टा गेला होता, चालणं ताठ झालं होतं. तिने पंचबाईला दारातच ओळखलं आणि दोन्ही हात धरले.

"तुम्हीच ना त्या? मी पत्र पाठवलं होतं, मिळालं का?"

"मिळालं."

"माझ्या मागे एक आजोबा होते बघा. बिचारे एक शब्द बोलले नाहीत. नंतर वाटलं, वळून सॉरी तरी म्हणायला हवं होतं. पण इतकी छान झोप लागली. महिन्याभरातली पहिली झोप हो ती."

सांगावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. दोन वाक्यांचं काम होतं. समोरची बाई इतकी प्रसन्न दिसत होती, आणि मागे लोकांची रांग खोळंबली होती. "बसून घ्या हं," ती म्हणाली. मग मागच्या स्वच्छतागृहात जाऊन तिने कडी लावली आणि नळ सोडून उभी राहिली. आपण हे ओझं हिच्या ताज्या बऱ्या झालेल्या पाठीवर टाकणार होतो, हे तिला कळलं. आणि ते कुठेतरी टाकल्याशिवाय आपल्याला उभं राहता येणार नाही, हेही कळलं.

एक माणूस होतं. म्हाताऱ्याच्या मुलीचं पत्र मागच्याच वर्षी कंपनीकडे आलं होतं. तिने भरपाई मागितली नव्हती, दोष दिला नव्हता. शेवटी बाबांजवळ कोण होतं आणि ते काही बोलले का, एवढंच विचारलं होतं. वकिलांनी उत्तर देऊ नका म्हणून सांगितलं होतं. पंचबाईने ते पत्र साहेबांच्या टेबलावर उलटं वाचलं होतं आणि खालचा फोन नंबर तेव्हापासून तिला पाठ होता. मुलगी राहायची ते शहर विमान जिथे उतरलं होतं तेच. पुढच्या खेपेला तिथे एक दिवसाचा मुक्काम होता. तिने फोन केला.

"मी गाडी चालवायला शिकवते," पलीकडून आवाज आला. "दोन तासांच्या मध्ये पाऊण तास मोकळा असतो. गाडीतच बोलू."

गाडी एका मोकळ्या मैदानाच्या कडेला उभी होती, छपरावर पाटी. मुलगी चाळिशीची, बापासारखीच उंच. ती सवयीने शिकवणाऱ्याच्या जागेवर बसलेली होती, त्यामुळे पंचबाईला स्टिअरिंगपुढे बसावं लागलं. मागची सीट रिकामी होती. बसल्याबरोबर दोन टोकं पाठीला लागली. ती पुढे सरकली.

"क्लच दाबायचाय का?" मुलीने विचारलं.

"नाही. सवय झालीय."

मग तिने सांगितलं. पट्टा, चिठ्ठी, पंजा, चार बोटं. थोड्या वेळाने बघते असं मी म्हणाले, आणि बघितलं नाही. दारात ते थँक यू म्हणाले. शेवटी जवळ मी होते. बोलण्याइतका श्वास नव्हता त्यांच्याकडे, पण माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. ती हे सगळं समोरच्या काचेकडे बघून बोलली.

"पंजा लावून मोजलं असेल," मुलगी म्हणाली. "जमीन मोजणी खात्यात होते. घरात कपाट घ्यायचं तरी आधी वीत लावायचे." मग म्हणाली, "तुम्ही विसरलात."

"हो."

"कामात होतात?"

"होते. पण एकदा आठवलं होतं. तेव्हाही गेले नाही."

"हे सांगितलं नसतंत तरी चाललं असतं."

"मला नसतं चाललं."

"म्हणजे तुमच्यासाठी आलात." मुलीचा आवाज धारदार झाला होता. "माफी-बिफी मागू नका. माझ्याकडे द्यायला नाही. निघायच्या आधी पंधरा दिवस ते फोनवर म्हणत होते, डावा बूट घट्ट होतोय. रोज म्हणत होते. मी म्हटलं, बाबा, मोठे बूट घ्या. पाय दाखवून या, एवढं म्हणायला काय झालं होतं मला? तिकीट काढलेलं होतं, मला ते इथे हवे होते, म्हणून मी बुटांवर भागवलं." तिने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि काढला. "आणि ती पुढची बाई?"

"तिला माहीत नाही. परवाच भेटली. बरी आहे आता. विचारत होती त्यांच्याबद्दल."

"सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. आपण दोघी आहोत तेवढ्या पुरे."

पंचबाईने मान हलवली. आता उठायचं कसं हे तिला कळत नव्हतं. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पुढचा शिकाऊ आला होता, पन्नाशीचा एक पाव भाजणारा, अंगाने आडवा, हाताला पीठ. बायकोचे गुडघे गेले म्हणून या वयात गाडी शिकत होता.

"तुम्हाला कुठे सोडायचंय?" मुलीने पंचबाईला विचारलं.

"मी जाईन बसने."

"बसा मागे. याचा तास संपला की हॉटेलवर सोडते."

ती मागे बसली, शिकाऊच्या बरोबर पाठीमागे. त्याने पोट सावरत सीटखालचा दांडा ओढला आणि सीट घसरत मागे आली. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर ती टेकली आणि थांबली. त्याला गाडीच्या आरशात तिचा चेहरा दिसला असावा.

"ताई, मागे जागा आहे ना?"

"आहे की," ती म्हणाली.

हे शब्द तिने ठरवून उच्चारले नव्हते. आपसूक आले. अनोळखी माणूस, त्याची गैरसोय, त्याचं ते ओशाळणं, आणि आपल्यामुळे तास अडायला नको. एवढ्यासाठी माणूस पटकन म्हणून टाकतो. म्हाताऱ्यालाही दुखवायचं नव्हतं कुणाला. त्याला नियम कळत होते आणि पट्टाही दिसला होता.

शिकवणाऱ्या सीटवरून मुलीने मागे हात घातला. न वळता, चाचपडत, तिने पंचबाईच्या गुडघ्यापाशी आपला पंजा उभा केला. लांब बोटं, हाडांची पेरं.

"सीट पुढे घ्या," ती शिकाऊला म्हणाली. "खोटं बोलतायत त्या. दोन बोटंसुद्धा नाही."

"अहो पण मग माझं पोट..."

"पोट आत घ्या. पुढे घ्या आधी."

सीट पुढे गेली. मैदानाभोवती गाडी गचके खात पाऊण तास फिरली. शिकाऊने ती तीनदा बंद पाडून पुन्हा सुरू केली आणि प्रत्येक वेळी मागे वळून माफी मागितली. मुलगी त्याला न चिडता सांगत होती, क्लच हळू, आणखी हळू. पंचबाई हॉटेलच्या दारात उतरली तेव्हा मुलगी तिच्याशी फारसं बोलली नाही. काच खाली करून एवढंच म्हणाली, "बाबांचा हात गार होता का?"

"नाही. उबदार होता."

"बरं," मुलगी म्हणाली आणि गाडी वळवून निघून गेली.

घरी आल्यावर पंचबाईने आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. आई मध्ये बोलली नाही. सगळं ऐकून झाल्यावर उठली, खोलीतली एकुलती एक आरामखुर्ची ओढत भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध आणली आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "इथे बस. मागे कुणी येऊन बसलं तर बसू दे. त्याला पाय पसरायला आता जागा आहे."

त्यानंतर गुडघे थांबले असं झालं नाही. आजही विमान उतरायला लागलं की ते येतात, कधी रोज, कधी महिना महिना नाही. पूर्वी ती पट्ट्यात आखडून बसायची, डोळे मिटून. आता उलट ती मोजते, किती दिवसांनी आले. फार दिवस आले नाहीत तर तिला चुकल्यासारखं होतं, आणि हे ती आईलाही सांगत नाही. मुली तिला अजून पंचबाईच म्हणतात, पण निवाडा ती क्वचितच देते. सीटवरून घंटा वाजली की ती आधी दोघांनाही उठवून मागे नेते, उभ्याउभ्या पाणी देते, आणि जो गप्प असेल त्याला विचारते, तुमचं काय म्हणणं आहे. तो काही नाही म्हणाला तर पुन्हा विचारते. बहुतेक जण दुसऱ्यांदा सांगतात.

म्हाताऱ्याची मुलगी वर्षातून एकदा, बापाच्या तारखेला, फोन करते. बोलणं दोन-तीन मिनिटांचंच असतं. पाव भाजणारा परीक्षेत चौथ्या खेपेला पास झाला, हे गेल्या वर्षी तिने सांगितलं. यंदा फोन आला तेव्हा ती काही बोललीच नाही. पंचबाईही बोलली नाही. दोघी नुसत्या फोन कानाला धरून उभ्या होत्या, आणि आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "राहू दे चालू. वायर काढू नकोस."